९० टक्के जिवंत होत्या, मग सकाळी पेशी गेल्या कुठे?

या वेळच्या टपालात बहुतेक पत्रं रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींबद्दलची आहेत. गेली २२ वर्षं माझं काम हेच आहे. रक्त आलं की त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, वाढवायच्या, गोठवायच्या आणि कुणी मागितल्या की जिवंत परत द्यायच्या. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण तीच तक्रार आणखी चौघांची आहे.

प्रश्न : ताई, मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन दात्यांच्या रक्तातून पीबीएमसी (लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी) काढून गोठवल्या, प्रत्येक व्हायलमध्ये (छोट्या कुपीत) १ कोटी. परवा एक व्हायल थॉ केली, म्हणजे वितळवली. ४८ लाख पेशी मिळाल्या आणि ट्रायपॅन ब्लू या रंगाने ९० टक्के जिवंत दिसल्या, म्हणून निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर निम्म्या मेलेल्या, आणि तळाशी चिकट गुठळ्या. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये व्हायल पूर्ण वितळेपर्यंत धरली होती, मग फ्रिजमधल्या १० मिली मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) एकदम ओतली. रक्त आदल्या संध्याकाळी आलं होतं, रात्रभर फ्रिजमध्ये होतं. चूक कुठे झाली?

उत्तर : आधी हिशेब मांडू. भरल्या १ कोटी, मिळाल्या ४८ लाख. त्यातल्या ९० टक्के जिवंत, म्हणजे साधारण ४३ लाख. निम्म्याहून जास्त पेशी तुम्ही त्याच दिवशी गमावल्या होत्या आणि ९० च्या आकड्याने ते झाकून टाकलं. ज्या पेशी फुटून धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून गेल्या त्या ट्रायपॅन ब्लूच्या मोजणीत येतच नाहीत. म्हणून वहीत दोन रकाने हवेत: मिळालेल्यांपैकी जिवंत किती, आणि भरलेल्यांपैकी जिवंत परत किती. माझ्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे दोन रकाने आखायला लावते.

दुसरं असं की ट्रायपॅन ब्लू एवढंच सांगतो, की पेशीचं आवरण या घडीला शाबूत आहे का. आवरण फाटलं तर निळा रंग आत शिरतो. पण गोठवण्याच्या धक्क्याने काही पेशींच्या आत मरणाची प्रक्रिया सुरू झालेली असते आणि त्यांचं आवरण मात्र अजून काही तास टिकून असतं. अशा पेशी त्या दिवशी स्वच्छ, चमकदार दिसतात आणि रात्रीतून संपतात. म्हणून माझा आग्रह आहे : थॉ केलेल्या पेशींना एक रात्र विश्रांती द्या आणि खरी मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी करा. प्रयोग त्या आकड्यावर बेता. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, मिलीला १० ते २० लाख पेशी, ट्यूब किंचित तिरकी आणि झाकण सैल. सकाळी ७० टक्क्यांच्या खाली जिवंत असतील तर त्या व्हायलवर मी प्रयोग करत नाही, मग ती कितीही महत्त्वाची असो. मरणाऱ्या पेशी शेजारच्या जिवंत पेशींचंही वागणं बदलतात आणि त्यातून आलेलं उत्तर दात्याचं राहत नाही.

आता तुमची पद्धत. तीन गोष्टी खटकल्या.

पूर्ण वितळेपर्यंत धरू नका. व्हायल द्रव नायट्रोजनच्या टँकमधून कोरड्या बर्फावर आणायची, साध्या बर्फावर नाही. बाथमध्ये हलकेच फिरवत राहायचं, आणि आत वाटाण्याएवढा बर्फाचा खडा उरला की बाहेर. एक-दोन मिनिटांचं काम आहे. ७० टक्के अल्कोहोलने पुसून हूडमध्ये (जंतुविरहित हवेच्या कपाटात) न्यायची. तो खडा विरघळेपर्यंत आतलं मिश्रण थंड राहतं. उबदार डीएमएसओमध्ये (गोठवताना पेशी वाचवायला घातलेल्या रसायनात) पेशी जितका वेळ राहतील तितकं नुकसान.

मग सगळ्यात नाजूक भाग. पेशीच्या आत डीएमएसओ भरलेलं आहे आणि बाहेर तुम्ही एकदम मीडिया ओतला. पाणी झरझर आत जातं, डीएमएसओ मात्र सावकाश बाहेर येतं. मधल्या काही सेकंदांत पेशी फुगते आणि फुटते. तुमच्या बऱ्याच पेशी इथे गेल्या, असं म्हणायला हरकत नाही. व्हायलमधला १ मिली आधी रिकाम्या १५ मिलीच्या ट्यूबमध्ये घ्यायचा. ३७ अंशांचा, सीरम घातलेला मीडिया थेंबाथेंबाने त्यात सोडायचा. पहिला मिली पूर्ण मिनिटभर, आणि प्रत्येक थेंबानंतर ट्यूबला हलकासा झोका. मी मनात आकडे मोजते, तीनला एक थेंब. दुसरा मिली जरा वेगाने चालतो, नंतरचे आठ मिली ओतले तरी चालतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट) १० मिनिटं फिरवा, पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा थर) बोटाने टिचकी मारून मोकळी करा, पिपेटने घुसळू नका.

गुठळ्या म्हणजे मेलेल्या पेशींमधून सांडलेला डीएनए. पिपेटचं टोक वर उचललं की त्याला पारदर्शक चिकट तार लोंबते, तीच ती. जिवंत पेशी त्या तारेत गुंडाळल्या जातात आणि मोजणीतून गायब होतात. धुण्याच्या मीडियात डीएनेज किंवा बेन्झोनेज हे डीएनए तोडणारं एन्झाइम घाला, तार मोकळी होते. डीएनेजला मॅग्नेशियम लागतं, त्यामुळे त्याच बफरमध्ये मॅग्नेशियम बांधून ठेवणारं ईडीटीए असेल तर ते काम करणार नाही. हे अनुभवी लोकही विसरतात. पण एन्झाइमने गुठळी सुटली म्हणून आनंद मानू नका. इतक्या पेशी मेल्या का, हा प्रश्न तसाच राहतो.

आणि त्याचं उत्तर बहुधा फ्रिजमध्ये काढलेल्या त्या रात्रीत आहे. रक्त थंड ठेवलं की सुरक्षित राहतं असं आपल्याला वाटतं. या कामात ते उलटं पडतं. पेशी वेगळ्या करायला रक्त ज्या द्रवावर घालतो त्या फायकॉलची घनता १.०७७ असते. लाल पेशी आणि ग्रॅन्युलोसाइट (दाणेदार पांढऱ्या पेशी) त्याहून जड म्हणून तळाला जातात, लिम्फोसाइट आणि मोनोसाइट वर पांढुरक्या थरात तरंगतात. १९६८ साली नॉर्वेच्या आर्ने बॉयम यांनी ही पद्धत बसवली, ती आजही जवळजवळ तशीच वापरतो. पण रक्त शिळं झालं की ग्रॅन्युलोसाइट उत्तेजित होऊन हलके होतात आणि तुमच्या पांढुरक्या थरात येऊन बसतात. गोठवणं ते सोसत नाहीत. थॉ करताना फुटतात आणि आपला डीएनए व एन्झाइम बाकीच्यांवर सांडतात. रक्त खोलीच्या तापमानाला ठेवा, ८ तासांत प्रक्रिया करायचा प्रयत्न करा, २४ तासांपलीकडे नकोच. सेंट्रिफ्यूज २० अंशांच्या आसपास, ४०० जी, ३० मिनिटं, आणि ब्रेक बंद. नंतर एकदा २०० जीला हळू फिरवून प्लेटलेट काढून टाका.

एवढं आग्रहाने लिहितेय त्यामागे काही व्हायल आहेत. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आमच्याकडे लस घेण्याआधीचं आणि नंतरचं रक्त द्यायला काही वयस्कर माणसं यायची. लशीआधीच्या पेशी मी गोठवल्या. नंतर कळलं की गोठवण्याच्या डब्यातलं आयसोप्रोपॅनॉल हे अल्कोहोल कित्येक महिने बदललेलंच नव्हतं. पेशी थॉ केल्या तेव्हा सकाळी २० टक्केही उरल्या नव्हत्या. लस तर देऊन झालेली. त्या माणसांचं लशीआधीचं शरीर आता जगात कुठेच नव्हतं. कॅन्सरच्या सेल लाइनची (प्रयोगशाळेत अखंड वाढणाऱ्या पेशींची) व्हायल मेली तर दुसरी काढता येते. दात्याच्या पेशींना दुसरी नसते. त्या दात्यांची यादी अजून माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे, फक्त कोड नंबर, नावं नाहीत.

प्रश्न : गोठवलेल्या व्हायल उणे ८० च्या फ्रीझरमध्येच ६ महिने राहिल्या. चालतील का? आणि तो अल्कोहोलचा डबा नेमकं काय करतो? (तंत्रज्ञ, नोकरीचं पहिलं वर्ष)

उत्तर : ६ महिन्यांनी त्यातल्या काही जिवंत निघतील, पण भरवशाच्या नसतील. पाणी आणि डीएमएसओचं मिश्रण काचेसारखं घट्ट होऊन आतली हालचाल थांबते ती उणे १२०-१३० च्या खाली. उणे ८० ला बर्फाचे स्फटिक हळूहळू मोठे होत राहतात, पेशी रोज थोडी थोडी झिजते. एक रात्र, फार तर दोन-तीन दिवस, मग टँक. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो. त्याच्या वाफेत ठेवलं तरी पुरेसं थंड असतं आणि ते जास्त सुरक्षित. द्रवात बुडवलेल्या व्हायलमध्ये फटीतून नायट्रोजन शिरला तर बाहेर काढल्यावर ती फुटू शकते. शिवाय एका टँकमधून हिपॅटायटिस बी रुग्णांपर्यंत पसरल्याची नोंद १९९५ मध्ये झालेली आहे.

डबा काय करतो? पेशी गोठताना बर्फ आधी बाहेर तयार होतो. बाहेरचं उरलेलं पाणी खारट होत जातं आणि पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं. फार हळू गोठवलं तर पेशी त्या खारात सुकते. फार झपाट्याने गोठवलं तर पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि बर्फ आतच होतो. पीटर मझूर या शास्त्रज्ञांनी हे गणित मांडलं. आपल्या पेशींसाठी मधला वेग आहे मिनिटाला १ अंश. आयसोप्रोपॅनॉल त्या वेगाने थंड होतं, बस्स. पाचव्या वापरानंतर ते बदला, कारण हवेतलं पाणी शोषून ते आपला वेग बदलतं. डब्याच्या झाकणावर तारखा लिहायची चिकटपट्टी लावा.

डीएमएसओ १० टक्के, बाकी सीरम. मिश्रण आधी बनवून थंड करून ठेवा, कारण डीएमएसओ पाण्यात मिसळताना गरम होतं. पेशींवर घातलं की गप्पा नकोत, १० मिनिटांत डबा फ्रीझरमध्ये. बाटली फ्रिजमध्ये दगड झाली म्हणून खराब झाली असं समजू नका, शुद्ध डीएमएसओ साडेअठरा अंशांनाच गोठतं.

एक गोष्ट कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये ठळक छापलेली मी पाहिली नाही. टँकमधून रॅक (व्हायलच्या डब्यांची उतरंड) बाहेर काढून हवी ती व्हायल शोधताना बाकीच्या डब्यांचं तापमान भराभर चढतं. आमच्याकडे सगळ्यात वरचा डबा सतत वाईट निकाल द्यायचा. दात्यांना दोष देत बसलो होतो, आणि कारण होतं की प्रत्येक वेळी रॅक उचलला की तोच डबा सगळ्यात जास्त वेळ हवेत राहायचा. नकाशा आधी कागदावर काढा, मग झाकण उघडा.

प्रश्न : टी पेशी (लिम्फोसाइटचा एक प्रकार) मीडियात ठेवल्या, सीरम दिलं, तरी वाढत नाहीत. आठवड्यात मरतात. शेजारच्या टेबलावरची जुरकॅट लाइन मात्र दोन दिवसांत दुप्पट होते. माझ्या हाताला यश नाही का?

उत्तर : तुमच्या हाताचा दोष नाही. जुरकॅट ही ल्युकेमियाची पेशी आहे, तिला वाढायला कुणाची परवानगी लागत नाही. निरोगी माणसाच्या रक्तातली टी पेशी विश्रांतीत असते आणि शत्रू दिसल्याची खूण मिळेपर्यंत विभागत नाही. तशी ती विभागत नाही म्हणूनच आपण धडधाकट आहोत.

१९६० पर्यंत तर रक्तातली लिम्फोसाइट ही संपलेली पेशी, तिचं पुढे काही होत नाही, असंच मानत. पीटर नोवेल या संशोधकांना दिसलं की राजम्याच्या दाण्यातून काढलेलं पीएचए हे प्रथिन घातलं की त्या विभागू लागतात. मुळात ते प्रथिन लाल पेशी चिकटवून बाजूला काढण्यासाठी वापरायचे! मग १९७६ मध्ये मॉर्गन, रसेटी आणि गॅलो यांनी दाखवलं की उत्तेजित पेशींच्या वापरलेल्या मीडियातल्या एका घटकावर टी पेशी दीर्घकाळ वाढवता येतात. तोच आजचा इंटरल्यूकिन-२.

तर तुमच्या पेशींना दोन खुणा द्या, त्यांच्या आवरणावरच्या सीडी३ आणि सीडी२८ या प्रथिनांमधून, एकत्र. या दोन्हींच्या अँटिबॉडी लावलेले मणी मिळतात, पेशीला एक मणी या हिशेबाने सुरुवात करा. जोडीला इंटरल्यूकिन-२. आणि मग हात आवरा. पहिल्या दिवशी काही घडलेलं दिसणार नाही. उलट काही पेशी मरतील, मीडिया जरा गढूळ वाटेल. ४८ तासांनी फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली धरा. सुट्या, बारीक, गोल ठिपक्यांच्या जागी द्राक्षांच्या घोसासारखे पुंजके असतील. कडेची एखादी पेशी लांबुळकी होऊन घोसापासून सुटताना दिसेल, आणि आकार आधीच्या जवळजवळ दुप्पट. २२ वर्षांनंतरही तो घोस पाहिला की मी खुर्ची ओढून बसते आणि शेजारच्याला बोलावून दाखवते.

त्यानंतर मात्र रोज लक्ष. मिलीला ५ लाख ते २० लाख या मर्यादेत ठेवा. या पेशींना फार विरळ केलेलं सोसत नाही, एकमेकींच्या सहवासाने त्या टिकतात. मीडियाचा लाल रंग पिवळट व्हायच्या आत ताजा घाला. वेग मंदावला, पेशी पुन्हा लहान दिसू लागल्या की आवर्तन संपत आलं. गोठवायच्या असतील तर त्याआधी, जोरात वाढत असताना गोठवा.

मोनोसाइट आणि एनके (रोगट पेशी मारणाऱ्या 'नॅचरल किलर') पेशींची तऱ्हा वेगळी आहे. मोनोसाइट विभागतच नाहीत. एम-सीएसएफ हे वाढीचं प्रथिन दिलं तर आठवडाभरात तळाला चिकटून मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी) होतात. एनके पेशी थॉ केल्यावर जिवंत दिसतात पण मारायची ताकद गमावून बसतात, इंटरल्यूकिन-२ मध्ये रात्रभर ठेवल्यावर ती बरीच परत येते.

प्रश्न : मी संशोधनासाठी रक्त दिलं होतं. माझ्या पेशी किती वर्षं ठेवतात? त्या कायम वाढवत राहतात का? माझं नाव त्यावर असतं का? (निवृत्त शिक्षिका)

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी आमच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं.

व्हायलवर नाव नसतं, कोड असतो. कोड आणि नाव जोडणारी यादी वेगळीकडे, मोजक्या लोकांच्या हाती. ५० मिली रक्तातून साधारण ५ ते १० कोटी पेशी मिळतात, म्हणजे पाच-दहा व्हायल. नीट ठेवल्या तर अनेक वर्षांनीही जिवंत निघतात.

कायम वाढवता येत नाहीत. निरोगी पेशी ठरावीक वेळाच विभागते; हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्ये गर्भाच्या ऊतींतल्या पेशींवर हे दाखवलं, आणि रक्तातल्या टी पेशींचीही मर्यादा आहेच. एक अपवाद तुम्हाला माहीत असायला हवा. बी पेशींना (अँटिबॉडी बनवणाऱ्या लिम्फोसाइटना) एप्स्टाइन-बार विषाणू लावला तर त्या अखंड वाढणारी लाइन बनतात. तसं करायचं असेल तर संमतीपत्रात स्पष्ट लिहिलेलं हवं. तुमची प्रत काढून बघा, कळलं नाही तर विचारा, तो तुमचा हक्क आहे. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी रुग्णाच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी १९५१ मध्ये त्यांना न विचारता वाढवल्या आणि त्या आजही जगभर वाढत आहेत. असं पुन्हा होऊ नये म्हणून तो कागद आहे. संमती मागे घ्यायची असेल तर साधारणपणे उरलेल्या व्हायल नष्ट करतात, झालेल्या प्रयोगांचे निकाल मात्र पुसता येत नाहीत.

प्रश्न : दाता मिळत नाही. माझंच रक्त काढून वापरलं तर?

उत्तर : नको. दुसऱ्याच्या पेशी सुईने चुकून शरीरात गेल्या तर तुमचं शरीर त्यांना परकं म्हणून संपवतं. स्वतःच्या पेशी विषाणू लावून किंवा जनुक बदलून वाढवलेल्या असतील आणि त्या परत आत गेल्या, तर शरीर त्यांना आपलंच समजेल. म्हणून आपल्या किंवा त्याच टेबलावर काम करणाऱ्या कुणाच्याही पेशी वापरत नाहीत. शिवाय गाइडने रक्त मागितलं तर विद्यार्थी नाही म्हणू शकत नाही, हेही कारण लहान नाही. रक्तपेढीकडे रीतसर परवानगीने बफी कोट (रक्तातला पांढऱ्या पेशींचा थर) मागा. आणि कुणाचंही रक्त असो, ते संसर्ग असलेलं आहे असं धरूनच हाताळा. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर पहिला प्रयोग लस पूर्ण झाल्यावर.